पुसलेलं कुठे जातं?

शाळेतली पाटी आपण सगळ्यांनी पुसली आहे. ओलं फडकं फिरवलं की अक्षर गेलं ते गेलं. संगणक घरात आला, तेव्हा त्यातलं 'डिलीट'चं बटणही आपण तसलंच फडकं समजलो. पण ते फडकं नव्हतं.

असं पाहा, सातबाऱ्यावरून एखाद्याचं नाव कमी केलं, म्हणून शेत कुठे जात नाही. संगणकात नेमकं हेच होतं. फाईल पुसली की यादीतलं तिचं नाव काढलं जातं आणि 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते. मजकूर जागच्या जागी असतो. दुसऱ्या कुणी तिथे नवं पीक घेईपर्यंत तो शाबूत राहतो.

अमेरिकेतल्या पीटर नॉर्टन यांच्या हातून एकदा एक फाईल चुकून पुसली गेली. ती परत मिळवायला त्यांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला आणि १९८२ साली तो 'अनइरेझ' या नावाने बाजारात आणला. गंमत अशी, की त्या काळी फाईल पुसताना संगणक तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडत असे. म्हणून परत मिळवताना माणसाला ते एक अक्षर सांगावं लागे.

चार वर्षांनी हाच धडा व्हाइट हाउसला मिळाला. इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण नोव्हेंबर १९८६मध्ये उघड होऊ लागलं, तशी ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले हजारो ई-मेल पुसले. पण त्या यंत्रणेच्या प्रती चुंबकीय फितींवर साठवल्या जात. चौकशी आयोगाने त्या फितींमधून निरोप बाहेर काढले. पुढे जानेवारी १९८९मध्ये, रेगन यांची कारकीर्द संपता संपता, 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह' ही खासगी संस्था कोर्टात गेली आणि त्या फिती नष्ट होण्यापासून वाचल्या. सरकारचा ई-मेल हाही सरकारी दप्तराचाच भाग, हे १९९३ साली अपील कोर्टाने मान्य केलं.

आणखी एक प्रकरण कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातलं. १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करणारा माणूस पोलिसांना पत्रं पाठवून खिजवत होता. फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का, असं त्याने पोलिसांनाच विचारलं. लागणार नाही, असं पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून कळवलं. फेब्रुवारी २००५मध्ये फ्लॉपी आली. तिच्यावर एक पुसलेली फाईल सापडली. फाईलच्या तपशिलात एका चर्चचं नाव होतं आणि 'डेनिस' हा शब्द होता. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर त्याच महिन्यात पकडला गेला.

इथपर्यंत ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण हीच विद्या निरपराध माणसाच्या घरातही शिरते. अमेरिकेतल्या 'एमआयटी'मधले सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालू होत्या, आणि नीट साफ केलेल्या फक्त १२! उरलेल्यांत पत्रं होती, आजारपणाची माहिती होती, क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर होते. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. या डिस्कच्या मालकांनी कुठलाही गुन्हा केला नव्हता. त्यांनी फक्त जुना संगणक विकला होता.

आज आपल्याकडेही लग्नाआधीची चौकशी, भागीदारावरचा संशय, नवरा-बायकोचा वाद यांसाठी लोक खासगी गुप्तहेर गाठतात आणि पुसलेले फोटो, निरोप काढून मागतात. खासगी गुप्तहेरांवर नियंत्रण आणणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सांगतो, की दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना शिरलात तर भरपाई द्यावी लागेल आणि हेतू कपटाचा असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. चांगला तपासनीस मूळ डिस्कला हात लावत नाही. तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर काम करतो. आणि त्याआधी विचारतो, 'हे यंत्र कुणाचं?' हा प्रश्न जो विचारत नाही, त्याच्या हाती आपलं घर देऊ नये.

यंत्रंही आता बदलली आहेत. नव्या एसएसडी डिस्क पुसलेली जागा बहुधा स्वतःच रिकामी करतात, आणि फोनमधला मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो. त्यामुळे 'सगळं परत काढून देतो' म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पण जुन्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह अजून घरोघरी पडून आहेत. भंगारवाल्याला देण्याआधी त्यांच्यावरचा मजकूर पुसण्याच्या खास प्रोग्रॅमने पूर्ण साफ करा, नाहीतर डिस्कच मोडून टाका. तिच्यात आपल्याबरोबर आपल्याला पत्र लिहिणाऱ्या माणसाचंही गुपित असतं, आणि ते उघडं करायला त्याने आपल्याला परवानगी दिलेली नसते.