टोलनाक्यावर दांडा उचलत नाही? रस्त्याखालच्या लूपचा दोष असा शोधतात

वरंधा घाट चालू असला की महाड-पोलादपूरकडचे बरेच जण भोर, कापूरहोळमार्गे पुणं गाठतात. त्या वाटेवर खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. अशा नाक्यांवर लेनमध्ये रस्ता कापून बुजवलेली चौकोनी रेघ दिसते. तिच्यात तांब्याच्या वायरीचे तीन-चार वेढे पुरलेले असतात, हीच लूप. फास्टॅग वाचायचं काम वरच्या अँटेनाचं. गाडी आली, गाडी गेली, हे लूप सांगते.

वायरीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट फिरतो. वर गाडीचा पत्रा आला की फ्रिक्वेन्सी किंचित वाढते आणि केबिनजवळच्या डिटेक्टरला ते कळतं. वजनाचा काही संबंध नाही. म्हणून उंच डंपर कधी नीट पकडला जात नाही, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीमधल्या जोडापाशी गाडी संपली समजून दांडा खाली येऊ शकतो.

बिघाड शोधताना आधी डिटेक्टरचा दिवा बघतात. लेन रिकामी असून दिवा पेटलेलाच असेल, तर एकदा रीसेट करतात. शेजारच्या लेनमध्ये गाडी आली की इथला दिवा लागत असेल तर दोन लूपच्या फ्रिक्वेन्सी जवळजवळ आहेत, त्यातली एक बदलायची. वायर ठीक आहे का हे बघायला लूप डिटेक्टरपासून सोडवून मल्टीमीटर लावतात. एक-दोन ओहम आले तर चांगलं, काहीच दाखवलं नाही तर वायर तुटली. खरा त्रास पावसाळ्यातला. भेगेतून पाणी शिरतं, उन्हात सुकलं की सगळं ठीक, सरीला परत बंद. हा दोष साध्या मीटरवर दिसत नाही. विहिरीच्या मोटारीला लावतो तसा मेगर वायर आणि अर्थमध्ये लावायचा. मेगर लावताना डिटेक्टर जोडलेला ठेवला तर तो जळतो. रीडिंग फार कमी आलं तर इन्सुलेशन गेलं, लूप नवीनच टाकावी लागते. नुसती टेप गुंडाळलेला जोड टिकत नाही, सोल्डरिंगच हवं.

आता आपल्या खिशाचं. राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग चालू आहे, पैसेही आहेत, पण नाक्याच्या यंत्रणेमुळे पैसे कापले गेले नाहीत, तर 2018 च्या दुरुस्ती नियमाप्रमाणे गाडी फुकट सोडून शून्य रकमेची पावती द्यावी लागते. पैसे कापल्याचा मेसेज आला आणि दांडाच अडला असेल तर तो मेसेज दाखवा, परत रोख देऊ नका. तक्रारीचा नंबर 1033.