नळाचं पाणी, बाटलीचं पाणी

आमच्या कोपरीतून रेल्वेवरचा पूल ओलांडला की तीन हात नाका लागतो, आणि तिथून थोडं पुढे गेलं की वागळे इस्टेट. कारखान्यांची वसाहत म्हणून हे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आज ज्या नावाने आपण कुठल्याही कंपनीची पाण्याची बाटली मागतो, त्या बिसलेरीचा भारतातला पहिला कारखाना इथेच, १९६५ साली निघाला, हे ठाण्यातल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं.

बिसलेरी हे मूळ आडनाव. इटलीतल्या फेलिचे बिसलेरी यांनी लोह आणि सिंकोना घातलेलं एक औषधी पेय काढलं होतं. १९२१ साली ते वारले. पुढे डॉ. रोसी यांनी मुंबईच्या खुशरू सनटूक यांना बरोबर घेऊन वागळे इस्टेटमध्ये पाणी बाटलीत भरायला सुरुवात केली. पाणी विकत घ्यायचं ही कल्पनाच त्या काळी लोकांना हसू आणणारी होती. काचेच्या बाटल्यांतलं ते पाणी मोठ्या हॉटेलांपुरतंच राहिलं आणि १९६९ साली पार्लेच्या रमेश चौहान यांनी हा उद्योग अवघ्या चार लाख रुपयांत विकत घेतला. त्यांनाही खरं तर सोड्यासाठी एक चांगलं नाव हवं होतं. पुढे काच जाऊन प्लास्टिक आलं, प्रवास वाढला, नव्वदीनंतर हाताशी पैसा आला, आणि ज्या गोष्टीला लोक हसत होते ती घराघरात पोचली.

आता आमच्या भागात सकाळी दुधाच्या पिशव्यांच्या जोडीला वीस लिटरचे जारही येतात. कुणाकडे जार, कुणाकडे आरओ, कुणाकडे दोन्ही. नळाचं पाणी तसंच भांड्यात घेऊन पिणारी घरं मोजकीच. "तुम्ही अजून नळाचं पिता?" असं मला विचारलं जातं तेव्हा त्या प्रश्नात काळजीही असते आणि थोडी कीवही असते! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात शोधावंसं वाटतं.

आपल्याकडे नळ आला तोही काही स्वागताच्या माळा घालून आला नाही. १८५० नंतरच्या मुंबईत विहिरी आणि तलाव उन्हाळ्यात आटत आणि पटकीच्या साथी येत. १८६० साली विहारचं पाणी शहरात आलं, १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा, १९५७ ला मोडकसागर. यातले तानसा, मोडकसागर आणि नंतरचं भातसा हे मूळच्या ठाणे जिल्ह्यातले जलाशय. त्यांचं पाणी ठाण्याला वळसा घालत, ठाण्याच्या पोटातून मुंबईला जातं. ठाण्याच्या ज्या भागांना मुंबई महापालिकेच्या जलवाहिन्यांतून पाणी मिळतं, त्यांत कोपरीचाही काही भाग आहे. २०२३ साली ठाण्यात कुणीतरी कूपनलिका खणताना मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडलं, आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्चपासून महिनाभर मुंबईची पंधरा टक्के पाणीकपात करावी लागली. तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपल्या पायाखालून केवढी नदी वाहते आहे.

नळ आला तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींपुढे मोठाच पेच पडला. नळात चामड्याचा वायसर असतो, मग हे पाणी देवाला कसं चालेल? शिवाय एकाच नळाचं पाणी सगळ्या जातींच्या घरात जाणार! रेल्वे स्टेशनांवर तर स्वातंत्र्यापर्यंत 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी व्यवस्था होती. गाडीचा डबा एक, इंजिन एक, पण पाणी दोन.

इथे मुद्दा नुसत्या स्वच्छतेचा राहत नाही. आपल्या महाराष्ट्रात पाण्याचा इतिहास हा बराचसा 'कुणी कुणाबरोबर प्यायचं' याचाच इतिहास आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ साली सी. के. बोले यांनी, म्हणजे आपल्या रावबहादूर बोल्यांनी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टं सर्वांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर! प्रत्यक्षात तिथे ओंजळ भरायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, आणि तळं 'बाटलं' म्हणून पंचगव्याचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं.

हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. प्रत्येक तुकडीत एखादं तरी पोर विचारायचंच, "बाई, शेणगोमूत्र घातल्यावर पाणी शुद्ध कसं होईल?" मी म्हणायची, "हाच प्रश्न तुम्ही मोठे झाल्यावरही विचारत राहा." त्या तळ्यावरून दहा वर्षं कोर्टकचेरी चालली. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे असा दावा होता. तो सिद्ध झाला नाही आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, घाट यांचा नाव घेऊन उल्लेख झाला, तो उगाच नाही.

एवढ्यानेही संपलं नाही. सत्तरच्या दशकात बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरत होते, कारण घटना लागू होऊन वीस वर्षं झाली तरी खेड्यांत विहिरी वेगळ्याच होत्या. आणि शहरात? गोरेगावच्या मृणालताई गोऱ्यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' हे नाव दिलं, ते वस्त्यांमध्ये नळ यावा म्हणून त्यांनी केलेल्या लढ्यांमुळे. आज जो नळ आपण नाक मुरडून बंद करतो, त्याच्या मागे इतकी माणसं उभी आहेत.

मी लग्न होऊन कोपरीत आले ती पंचाहत्तर साली. खाडी, मीठबंदर, चेंदणीचे कोळी आणि फाळणीनंतर येऊन वसलेली सिंधी मंडळी, असं मिळून हे गाव. नळाला पाणी ठरलेल्या वेळी येई. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, खाली तांब्याचा हंडा. ते फडकं नुसती रीत नव्हती. पायऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यातून होणारा नारू नुसतं पाणी गाळून प्यायल्याने टळतो, आणि देशभर हे लोकांच्या अंगवळणी पडल्यामुळे २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एवढ्या साध्या फडक्याने केवढं काम केलं!

आता मुख्य प्रश्न. बाटलीतलं पाणी जास्त शुद्ध असतं का? कधी असतं, कधी नसतं. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली-मुंबईच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा त्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन अशी कीटकनाशकं सापडली. त्यानंतर सरकारने नियम कडक केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या तीन कंपन्यांच्या बाटल्या तपासल्या. एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण निघाले, बहुतेक अतिसूक्ष्म. त्यांनी शरीराला नेमकं काय होतं यावर अभ्यास चालू आहे, तेव्हा उगीच घाबरवायला नको. पण 'बाटली म्हणजे निर्मळ' हे समीकरण तेवढं डोक्यातून काढलेलं बरं.

आणि नळ? नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने केलेल्या तपासणीचे निकाल केंद्र सरकारने जाहीर केले. मुंबईच्या नळाचे दहाच्या दहा नमुने पास, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास. दहा नमुने म्हणजे सगळी मुंबई नव्हे, हे खरं. पण यातून एक गोष्ट कळते. नळाचं पाणी चांगलं किंवा वाईट असणं हे नशिबावर नसून कारभारावर असतं. त्याच दिल्लीत १९५५-५६ साली नदीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शिरलं आणि कावीळ झालेल्यांची संख्या एकोणतीस हजारांवर गेली होती.

आपल्याकडची अडचण बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रात नसते, ती वाटेत असते. पाणी चोवीस तास नसतं. ठरलेल्या वेळी येऊन गेलं की नळवाहिनी रिकामी होते, आतला दाब जातो, आणि जुनी वाहिनी जिथे गटाराजवळून जाते तिथे फटीतून घाण आत ओढली जाते. म्हणून पाणी आल्याबरोबरची पहिली धार गढूळ असते. ती सोडून द्यायची, हे आमच्या सासूबाईंना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. वाटेतला दुसरा दोष तर आपल्या घरातलाच, म्हणजे इमारतीच्या टाक्या.

यावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या सभेत मी बसले होते. पाण्याची टाकी धुण्याचा खर्च यंदा टाळावा असा विषय निघाला. कारण काय, तर "टाकीचं पाणी पितंय कोण आता? सगळ्यांकडे जार आहेत." मी म्हटलं, "वॉचमन पितो. तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या पितात." कुणी काही बोललं नाही. चार जणांनी खाली बघितलं. महिन्याभरात टाकी धुतली गेली, हे खरं. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आम्ही पितो ते पाणी वेगळं, 'ते' पितात ते वेगळं. यात जातीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तशी कुणाची भावनाही नव्हती. पण एकाच छपराखाली दोन पाणवठे झाले होते की नाही?

मला बाटलीची भीती वाटते ती इथे. ज्यांचा आवाज महापालिकेत ऐकला जातो, ज्यांना अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्रात पत्र छापून आणता येतं, ती माणसं नळापासून उठून गेली की नळाची विचारपूस कोण करणार? आणि बाटली तरी वेगळी कुठे राहते? २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे आजाराची साथ आली. दूषित पाण्याचा संशय आला, तपासण्या झाल्या, तेव्हा महापालिकेने त्या भागातले कित्येक खासगी आरओ प्रकल्पही सील केले. म्हणजे नळावर विश्वास नाही म्हणून पैसे मोजून आणलेलं पाणीही धड नव्हतं. शेवटी तेही जमिनीतून, विहिरीतून, टँकरमधूनच येतं. वेगळा ढग कुणासाठीच नाही.

बाटलीला माझा सरसकट विरोध नाही. प्रवासात, पुरात, वाहिनी फुटली असताना, आजारी माणसासाठी ती जरूर घ्यावी. साथ चालू असेल तर पाणी उकळून घ्यावंच. नुसतं कोमट करून नव्हे, चांगलं खळखळून. पण रोजच्या पिण्यासाठी मी नळ निवडते, आणि त्याबरोबर नळाची जबाबदारीही घेते. टाकी वर्षातून दोनदा धुतली जाते की नाही ते बघते. टाकीवर झाकण आहे ना, ते जिना चढवतो तोवर स्वतः जाऊन बघते. पाण्याला वास आला, रंग आला, की महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार देते आणि पोच घेते. पाण्यात क्लोरीन उरलं आहे की नाही हे बघायला ओटी टेस्ट असते. दोन थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं. खेड्यातला आरोग्यसेवक ती करतो, विहिरीत टीसीएल पावडर किती टाकायची ते त्यावरून ठरवतो. शहरातल्या शिकल्यासवरल्यांना मात्र तिचं नावही माहीत नसतं.

हिशेबही बघा. एक लिटरची बाटली साधारण वीस रुपयांना. मुंबईत घरगुती वापराचं हजार लिटर पाणी त्याहून कमी दराने मिळतं. ज्याला परवडतं तो फरक भरून मोकळा होतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी नळच आहे, आणि तो चांगला ठेवायला आता शेजारी कुणी नाही.

शहापूर तालुक्याची आठवण यावेळी होतेच. तानसा तिथे, भातसा तिथे. साऱ्या मुंबईला पाजणारा हा तालुका. पण तिथल्या कसाऱ्याकडच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन वाट पाहतात. त्यांच्या डोंगरावर पडलेला पाऊस आमच्या नळाला येतो आणि आम्ही त्याने फरशी पुसतो, कारण प्यायला जार आहे.

महाडला गेलेल्या माणसांना तहान लागली म्हणून ती तळ्यावर गेली नव्हती. पाणी सगळ्यांचं एक आहे, हे मान्य करून घ्यायला ती गेली होती. शंभर वर्षं व्हायला आली आता त्या गोष्टीला. त्या हक्काचं आपण काय केलं असं कुणी विचारलं, तर निदान 'नळ नीट ठेवला' एवढं तरी सांगता यावं, असं मला वाटतं.