ग्रहांना बांधून ठेवणारी ओढ



शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपल्या शहापूर-मुरबाडकडेही लोक पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहतात. चंद्र दिसला तर उद्या रोजा. न दिसला तर महिना तीस दिवसांचा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राला एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून हा एका दिवसाचा फरक पडतो. पण हा एवढा मोठा गोळा निराधार असून खाली का पडत नाही? हा प्रश्न तुम्ही कधी स्वतःला विचारला आहे काय?

जुन्या विद्वानांनी प्रथम ग्रह कसे फिरतात हे मोजले. आपल्या देशात भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’त, पृथ्वीच्या अंगी वस्तू ओढून घेण्याची शक्ती आहे, असे लिहिले. नसीरुद्दीन तूसी यांनी १२५९ साली मरागा येथे वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणारे इब्न अश्शातिर यांनी चौदाव्या शतकात चंद्रगतीचे जे गणित मांडले, तसेच गणित पुढे कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथात आढळते. समरकंदला उलुग बेगने १४३७ साली हजाराहून अधिक ताऱ्यांची सारणी तयार केली. १६०९ साली केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखवले. मात्र ग्रह असे का फिरतात, याचा उलगडा न्यूटनने १६८७ साली केला.

न्यूटनने उंच डोंगरावरून डागलेल्या तोफगोळ्याचा दाखला दिला. आपण तो माहुली गडावर आणू. गडावरून दगड आडवा फेकला तर तो थोडा पुढे जाऊन पडतो. जोर वाढवला तर आणखी दूर पडतो. हवेचा अडथळा नाही असे धरून तोच दगड सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेगाने फेकला, तर तो जितका खाली येईल तितकीच पृथ्वीची गोलाईही खाली वळत जाईल. दगड पडतच राहील, पण जमिनीला कधीच लागणार नाही. चंद्राचे असेच आहे. तो सेकंदाला सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्यात पृथ्वीकडे जेमतेम दीड मिलिमीटर झुकतो. सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांनाही हाच नियम लागू आहे. शिवाय ग्रह एकमेकांनाही ओढतात.

या परस्पर ओढीतूनच पुढचा चमत्कार घडला. युरेनस ठरल्या मार्गावरून किंचित ढळत होता. त्याला ओढणारा दुसरा ग्रह कोठे असावा, हे लव्हेर्येने कागदावर काढले आणि १८४६ साली बर्लिनच्या दुर्बिणीत नेपच्यून त्याच जागेच्या जवळ सापडला.

आपल्या मराठी माणसानेही असे धाडस केले. वेंकटेश बापूजी केतकर (१८५४-१९३०) हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्याजवळ मोठी वेधशाळा नव्हती. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे भाकीत केले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट अंतर आणि सुमारे २४२ वर्षांची प्रदक्षिणा! १९३० च्या फेब्रुवारीत प्लुटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणा २४८ वर्षांची निघाली. त्याच वर्षी केतकर निवर्तले.

परंतु मित्रहो, इतिहास येथेच थांबत नाही. १९७८ साली प्लुटोचा उपग्रह सापडला आणि प्लुटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास असल्याचे कळले. इतका हलका गोळा युरेनस-नेपच्यूनला जाणवण्याइतका ओढूच शकत नाही. म्हणून त्या काळच्या भाकितांशी प्लुटोचे जुळणे हा बव्हंशी योगायोग मानला जातो. २००६ साली तर त्याला बटुग्रहांत गणण्यात आले. यामुळे केतकरांची थोरवी कमी होत नाही. त्यांनी आपले आकडे जगापुढे उघड मांडले, म्हणूनच ते तपासता आले. ज्ञान असेच पुढे जाते : समरकंदची सारणी, दमास्कसचे गणित आणि एका मास्तरांचा कागद, सारे एकाच तपासणीतून गेले आहेत.

पालकहो, गणित अवघड म्हणून आपल्या मुलाला, विशेषतः मुलीला, तो विषय सोडू देऊ नका. कागद आणि पेन्सिल आपल्या गावातही मिळते. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी चंद्र पाहाल, तेव्हा दुवा मागून झाल्यावर क्षणभर त्याच्या पडण्याचाही विचार करा.