‘रोड’ आणि ‘वाडी’ : किर्लोस्करवाडीच्या उगमाविषयी

‘आगगाडीने गाव वसविले’ असे विधान इतिहासग्रंथांतून वारंवार आढळते. व्याकरणदृष्ट्या या वाक्याचा कर्ता आगगाडी हा आहे. इतिहासदृष्ट्याही तोच कर्ता मानावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. त्याचा विचार सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या आधारे करावयाचा असून तुलनेसाठी पूर्व आफ्रिकेतील नैरोबी हे नगर घेतले आहे.

नैरोबीच्या बाबतीत हे विधान जवळजवळ अक्षरशः खरे ठरते. मोंबासा बंदरापासून १८९६ मध्ये सुरू झालेला युगांडा रेल्वेचा मार्ग १८९९ च्या मे महिन्यात तेथील दलदलीच्या माळावर पोहोचला. पुढील प्रदेश चढउतारांचा व अवघड असल्यामुळे रेल्वेने तेथे आपला मुख्य तळ ठेवला. तोवर तेथे मासाई पशुपालकांचा पाणवठा होता, गाव नव्हते. पुढे काही वर्षांतच ब्रिटिश सत्तेची राजधानी मोंबासाहून तेथे आली. नावाची कथाही बोलकी आहे. मासाई भाषेतील ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दसमूहातून ‘पाणी’ गळाले, विशेषण तेवढे उरले आणि तेच नगराचे विशेषनाम झाले. हा मार्ग बांधण्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. रुळांमधील अंतरही हिंदुस्थानात रूढ असलेल्या मीटरगेजचेच होते.

त्याच मीटरगेजचा एक मार्ग सदर्न मराठा रेल्वे कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पुण्याहून मिरज-बेळगावकडे नेला. येथील परिस्थिती मात्र भिन्न होती. मार्गाच्या दुतर्फा शतकानुशतके नांदती गावे होती. मिरजेस १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा व १९२७ मध्ये कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वे मिळून ते मोठे जंक्शन झाले. परंतु मिरजेचा किल्ला व पेठ आगगाडीहून कितीतरी जुनी. जेथे मार्ग गावापासून दूर राहिला, तेथे स्थानकाच्या नावात ‘रोड’ हा शब्द आला : सातारा रोड, कुंडल रोड. ‘रोड’ म्हणजे ते गाव नव्हे, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर उतरण्याची जागा. अशी नावे स्थानकाचे परावलंबित्व प्रामाणिकपणे सांगतात.

कुंडल रोड हे असेच एक स्थानक. बेळगावात नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे आपली जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या मुलखातील या स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व कर्जाऊ रक्कम देऊ केली. जमीन ओसाड होती. निवडुंगाने व सापांनी व्यापलेली होती. १९१० मध्ये तेथे कारखाना व वस्ती यांचा आरंभ झाला. १९२० पासून तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले. कालांतराने स्थानकानेही ‘कुंडल रोड’ हे नाव टाकून किर्लोस्करवाडी हे नाव धारण केले.

आगगाडीचा वाटा येथे नाकारण्याचे कारण नाही. कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि तयार नांगर दूरवर पाठविणे तिच्याविना दुष्कर होते. तथापि कुंडल रोडला स्थानक झाल्यापासून कारखाना येईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि स्थानकाशेजारचा माळ तसाच राहिला. कराड स्थानकाजवळची ओगलेवाडी हे दुसरे उदाहरण. तेथील ओगले बंधूंच्या काच कारखान्यासही (१९१६) औंधच्याच अधिपतींचे साह्य लाभले. आगगाडी सर्व स्थानकांवर सारखीच थांबत होती. वस्ती उठली ती जेथे उद्योजक व राजाश्रय यांची गाठ पडली तेथे. म्हणून आगगाडीस कर्ता न म्हणता करण म्हणणे अधिक युक्त होय.

नावाचा घाटही याच निष्कर्षास पुष्टी देतो. मराठी ग्रामनामांत ‘वाडी’ हा शब्द मूळ गावावर अवलंबून असलेल्या लहान वस्तीचा वाचक असून त्याच्या पूर्वपदी पुष्कळदा कुळाचे नाव येते. शिंदेवाडी, जाधववाडी ही त्याची परिचित रूपे. यंत्रांच्या नव्या वसाहतीने ‘नगर’ वा ‘पूर’ न स्वीकारता हा जुना कृषिसमाजातील साचा उचलला आणि नवागत कुळ जणू पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी ठरले. याउलट सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभा राहूनही गावाचे नाव ‘रोड’च राहिले. तेव्हा केवळ कारखान्याने नाव पालटते असेही नाही.

अर्थात नाव हा एक साक्षीदार आहे, संपूर्ण पुरावा नव्हे. ‘किर्लोस्करवाडी’ या नावात कुंडल गाव नाही, जमीन देणारे औंध संस्थान नाही, आणि माळ साफ करून भट्टीपाशी राबणारे कामगारही नाहीत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर झाले. प्रत्येक पालटाबरोबर पूर्वीचा एकेक संदर्भ पुसट होत गेला. पुणे-मिरज मार्गावरील स्थानकनामे व त्यांची लोकांच्या तोंडची रूपे आपल्या विद्यार्थ्यांनी वृद्धांकडून टिपून घ्यावीत. कर्ता कोण, याचे उत्तर छापील वेळापत्रकापेक्षा तेथे सापडण्याचा संभव अधिक आहे.