नाशिकचा एक त्रासिक प्रेक्षक

चित्रपटगृहातून बाहेर पडता पडता दोन शब्दांत निकाल देऊन मोकळे होणारा प्रेक्षक मला फार जवळचा वाटतो. कारण उघड आहे. मी त्यांतलाच आहे. सर्कल काय, हेमलता काय, किंवा हल्लीची ती गारेगार बहुपडदा चित्रपटगृहे काय, पडद्यावर अक्षरे वर सरकू लागण्याआधीच माझा निकाल तयार असतो. ‘छायाचित्रण बरे, बाकी आनंद आहे.’ घरची मंडळी म्हणतात, तुम्ही सिनेमा पाहायला जाता की चूक शोधायला? यावर माझ्याजवळ उत्तर नसते. पण दाखला देण्यासारखा एक पूर्वज मात्र आहे, आणि तो आमच्या नाशिकचाच आहे.

१९२७ च्या ऑक्टोबरात त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारने चित्रपटांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष दिवाणबहादूर रंगाचारियर. अमेरिकन चित्रपटांनी इथला पडदा व्यापलेला. गोऱ्या माणसांची पडद्यावरची थेरं पाहून नेटिवांच्या मनात साम्राज्याविषयीचा आदर उरेल का, ही सरकारची एक चिंता. आणि साम्राज्यातल्या चित्रपटांना उत्तेजन कसे मिळेल, ही दुसरी. समितीने देशभर फिरून शेकड्यांनी साक्षी घेतल्या. त्या जाडजूड खंडांत वकील आहेत, शिक्षक आहेत, पोलिस अंमलदार आहेत, चित्रपटगृहांचे मालक आहेत. आणि त्यांत धुंडिराज गोविंद फाळके आहेत.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून लगेच आपले बिऱ्हाड आणि कॅमेरा घेऊन नाशकात आलेला हा माणूस तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. देशी चित्रपटांविषयी त्याने कौतुकाचे चार शब्द बोलावेत, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. मूल आपले, मग नाक नकटे असले तरी चालते! पण फाळक्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: देशी चित्रपटांत तंत्र नाही, कलागुण नाहीत, अभिनय बरा नाही, छायाचित्रण तर अगदी खालच्या प्रतीचे, आणि या कलेतले कुणाला काही कळत नाही. झाले! चालू चित्रपटांचा एका दमात निकाल. माझ्यासारख्याने हे वाचून पाठ थोपटून घ्यावी, इतका तो माझ्या पठडीतला.

परंतु इथेच थोडे थांबले पाहिजे. हा निकाल घाईचा दिसतो. त्यामागचे पाहणे मात्र घाईचे नव्हते. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा पट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना असे पडद्यावर केव्हा पाहू, या विचाराने त्यांना घेरले, ही हकीकत त्यांनी स्वतःच १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहिली आहे. त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा जो सपाटा लावला, त्यात डोळे दुखावले आणि काही काळ दृष्टीच गेली. वैद्यकीय उपचारांनी ती परत आली. सिनेमा पाहून डोकेदुखी झाल्याची तक्रार आपण नेहमी करतो. डोळे गमावण्याची पाळी येईपर्यंत पाहणारा प्रेक्षक निराळा.

आणि छायाचित्रणाविषयी बोलण्याचा अधिकार? जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला फोटोचा धंदा, पुराणवस्तू खात्यातली नोकरी, छापखाना, ठसे, रंगीत छपाई, जर्मनीची वारी. प्रकाश कागदावर कसा उतरतो हे त्यांनी अर्धे आयुष्य हात काळे करून शिकलेले होते. १९१४ साली त्यांचे पट लंडनला दाखवले गेले, तेव्हा तिथल्या धंद्यातल्या लोकांनी नावाजली ती त्यांची तांत्रिक सफाई. अभिनयाचेही तेच. ‘लंकादहना’त (१९१७) साळुंके यांनीच राम केला आणि साळुंके यांनीच सीता. सीतेचे दंड रामाचेच आहेत, हे माझ्यासारख्या खवचट माणसाच्या नजरेतून सुटले नसते. पण ‘लंकादहना’ला लोटलेली गर्दी पाहता, त्या दंडांपायी कुणी तिकीट परत मागितले असेल असे वाटत नाही! शिवाय स्त्रीच्या भूमिकेत स्त्री असावी म्हणून ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांना १९१३ सालीच आणणारे फाळकेच होते.

तरीही ‘कुणाला काही कळत नाही’ हे त्यांचे वाक्य मला अन्यायाचे वाटते, आणि ते तसे म्हणणे भाग आहे. त्या साक्षीच्या आधी दोनच वर्षे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता. देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. १९२३ च्या ‘सिंहगडा’त त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केले होते. या माणसाला कलेतले काही कळत नव्हते? फाळक्यांच्या नजरेतून हे सुटले असेल, असे मानणे कठीण आहे. मला वाटते, नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी झालेले खटके, मध्येच कंपनी सोडून काशीला जाऊन राहणे, मग परत येणे, या सगळ्याचा कडवटपणा त्या साक्षीत झिरपला आहे. शिवाय त्या वेळी ते स्वतःही चित्रपट काढीतच होते. स्वतःला त्यांनी निकालातून वगळले होते की नाही, ते त्या वाक्यावरून कळत नाही. नसावे वगळले, असे मानायला मला आवडते.

पुढे दहा वर्षांनी पारडे फिरले. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळक्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. आदल्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आलेला. आणि त्याच साली शांतारामबापूंचा ‘कुंकू’. विजोड लग्नाविरुद्ध उभी राहणारी नीरा पाहून आलेल्या प्रेक्षकाला पुन्हा भगीरथ आणि शंकराच्या जटा दाखवायच्या म्हणजे अवघड काम. प्रेक्षकांनी ‘गंगावतरणा’ला जवळ केले नाही. म्हातारा जुना झाला, हा निकाल द्यायला त्यांनाही बाहेर पडेपर्यंतचाच वेळ लागला असेल. फाळक्यांनी त्यानंतर चित्रपट काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच वारले.

आता कुणाचा निकाल बरोबर, हे ताडून पाहावे म्हटले, तर ते साधत नाही. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास पट निघाले. त्यांतले पुरे-अपुरे मिळून दोन-तीन डझन उरले असतील. बाकीचे जळाले, कुजले, चांदी काढण्यासाठी विकले गेले. मूक ‘सावकारी पाश’ गेला. ज्यांचे छायाचित्रण ‘खालच्या प्रतीचे’ म्हणून फाळक्यांनी साक्ष दिली, ते बहुतेक सगळेच गेले. साक्ष मात्र सरकारी कागदावर छापली गेल्यामुळे शाबूत आहे. निकाल शिल्लक आणि खटल्यातला मुद्देमालच गहाळ, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

फाळक्यांचे जे थोडे उरले, ते पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांमुळे. त्यात १९१९ चा ‘कालियामर्दन’ बराचसा आहे. त्याच्या आरंभी एक पाटी येते: सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाचा हा अभ्यास पाहा. मग फाळक्यांची मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर हसते, रुसते, रागावते. आणि त्यानंतर तिचा कृष्ण होतो. चित्रपट पाहायला बसलेल्या माणसाला अभिनय कसा पारखावा याचा धडा आधी देऊन मग गोष्ट सुरू करणारा हा माणूस, आठ वर्षांनी ‘अभिनय बरा नाही’ असे का म्हणाला, ते ही पाटी पाहिल्यावर मला उमगले. यमुनेतल्या कालियाशी झुंज मात्र आज उपलब्ध असलेल्या प्रतीत धूसर दिसते. ती मुळातच तशी होती की शंभर वर्षांत झाली, ते डोळे बारीक करूनही मला ठरवता आलेले नाही.