‘अभिनव भारत’ या नावाचे माहेर

‘अभिनव भारत’ हे क्रांतिकारी संघटनेचे नाव कानाला इतके अस्सल संस्कृत लागते की त्याचे माहेर इटलीत आहे, हे मुद्दाम सांगावे लागते. हद्दपार झालेल्या जोसेफ मॅझिनीने १८३१ साली फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात ‘जोव्हिने इतालिया’, म्हणजे ‘तरुण इटली’, ही संघटना काढली. त्याआधी तो ज्या गुप्त मंडळात होता त्याचे नाव होते ‘कार्बोनारी’, म्हणजे कोळसे पाडणारे. मॅझिनीने धंद्यावरून पडलेले असले आडनाव टाकून संघटनेला थेट देशाचे नाव दिले. तेव्हा इटली नावाचे राज्य नकाशावर नव्हते, आठ-दहा तुकडे होते. जो देश अजून व्हायचा होता त्याचे नाव घेऊन माणसे शपथ घेऊ लागली. चाळिशी उलटलेल्यांना एरवी प्रवेश नव्हता आणि साधने दोनच सांगितली होती, शिक्षण आणि उठाव. माझ्या मते हिंदी स्वातंत्र्यचळवळीने इटलीकडून घेतलेली सर्वांत मोलाची वस्तू हीच: संघटनेच्या नावात आधी देश उभा करायचा आणि मग तो प्रत्यक्षात आणायचा. बंदूक आणि बाँब त्यानंतरचे.

हे बी इकडे इंग्रजीतून आले. मॅझिनीने आयुष्याची कितीतरी वर्षे लंडनमध्ये काढली, त्याचे लेखन तिथे सहा खंडांत छापले गेले, आणि १८६४ साली इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला गॅरिबाल्डी लंडनला आला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. राज्यकर्त्यांनीच ज्याला थोर मानले त्याचे चरित्र हिंदी विद्यार्थ्याने वाचू नये, असे कोणत्या तोंडाने सांगणार? सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी कलकत्त्यात मॅझिनीवर व्याख्याने दिली, लाला लजपतरायांनी १८९६ साली उर्दूत मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे लिहिली. नाशकात सावरकरबंधूंच्या मित्रमेळा या क्रांतिकारी मंडळाने १९०४ साली ‘अभिनव भारत’ हे नाव घेतले. १९०६ साली लंडनला पोचताच विनायकरावांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि १९०७ साली त्यांच्या थोरल्या बंधूंनी, बाबारावांनी, ते इकडे छापले. अर्पणपत्रिकेत टिळक आणि शिवरामपंत परांजपे होते.

आता शब्दाकडे जरा जवळून पाहा. ‘जोव्हिने’चा सरळ मराठी शब्द ‘तरुण’. बेळगावात १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी वृत्तपत्र काढले त्याचे नाव ‘तरुण भारत’च आहे. नाशिककरांनी ‘अभिनव’ घेतला. ‘तरुण’ म्हटले की डोळ्यांपुढे सभासदाचे वय येते; ‘अभिनव’ म्हटले की देशच नव्याने घडतो आहे असे वाटते. मॅझिनीच्या मनातही दोन्ही अर्थ होते, पण मराठीने दुसरा उचलला. विनायकरावांनी त्या आत्मचरित्राला लिहिलेल्या प्रस्तावनेतही तीच रीत आहे: तिथे मॅझिनीशेजारी समर्थ रामदास बसतात आणि गॅरिबाल्डीशेजारी शिवराय. परका माणूस घरात घेताना आपण त्याचे नाते लावतो, तसे हे नाते लावणे आहे. ही उसनवारी नव्हती, ओळख पटवून घेणे होते.

यावर पहिला आक्षेप असा की वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ साली बंड केले, चाफेकरांनी १८९७ साली पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला मारले; त्यासाठी इटली कशाला लागली? खरे आहे. धैर्य कुणी आयात करत नाही. मित्रमेळाही आधी होता, नाव मागून आले. परंतु फडक्यांचे बंड त्यांच्या अटकेबरोबर संपले, तर अभिनव भारत नाशिक, पुणे, लंडन अशा ठिकाणी पसरू शकले, कारण ते एका माणसाचे नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बाबारावांकडच्या झडतीत युरोपातल्या गुप्त संस्थांवरचे फ्रॉस्टचे इंग्रजी पुस्तक सापडले, जागोजाग खुणा केलेले, आणि त्यात रशियन क्रांतिकारकांच्या छोट्या छोट्या टोळ्यांची रचना दिली होती. क्रांतिकारी चळवळींची चौकशी करणाऱ्या सरकारी रौलट समितीच्या १९१८च्या अहवालात याची नोंद आहे. म्हणजे कार्यपद्धती रशियाची होती, हे मान्य करावेच लागते. तरी टोळी कशी बांधावी हे रशियाकडून घेणाऱ्यांनी ती कशासाठी बांधायची हे मॅझिनीकडून घेतले होते. त्या काळातल्या तरुणांनी प्रस्तावनेची पाने पाठ केली. फ्रॉस्टचे पुस्तक कुणी पाठ केल्याचे ऐकिवात नाही.

या वारशावर वादही लवकरच उभा राहिला. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजींनी इटलीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांना कर्तव्य शिकवणारा मॅझिनी हवा होता, शस्त्र देणारा गॅरिबाल्डी नको होता. राजा इटालियन झाला म्हणून इटलीच्या कष्टकऱ्याला काय मिळाले, हा त्यांचा सवाल होता. मॅझिनी मात्र दोन्ही बाजूंच्या हाती राहिला. पुढे १९१९ साली गांधीजींनी जे साप्ताहिक हाती घेतले त्याचे नाव होते ‘यंग इंडिया’. आणि ‘अभिनव भारत’ची सांगता सावरकरांनी स्वतः १९५२ साली पुण्यात केली.