नाडी आणि मूत्रपिंड : कृष्णाकाठच्या उपचारांचा मागोवा

आज ज्याला सांगली जिल्हा म्हणतात तो १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील वैद्यकाचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो. या इतिहासाच्या आरंभी नाडी आहे. नाडीपरीक्षेचे तपशीलवार विवेचन आयुर्वेदाच्या ग्रंथांपैकी प्रथम शार्ङ्गधरसंहितेत आढळते आणि थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक असते, असा इशाराही तेथे दिलेला आहे. नाडी अडखळते हे वैद्याच्या बोटांना कळत असे. परंतु त्या अडखळण्याचे मूळ पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मूत्रपिंडांतही असू शकते, हे कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट हे अंगावर सूज असलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली, तर मूत्रपिंडांतून प्रथिने गळत आहेत असे ते मानीत. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदयही अनेकदा जाड झालेले दिसते, हे त्यांनी १८३६ मध्ये नोंदविले. मूत्रपिंड आणि हृदय यांची दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, या विचाराचा पाया येथे घातला गेला.

कृष्णाकाठी पाश्चात्त्य वैद्यक रुजले ते प्रामुख्याने मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले, त्याला पुढे वैद्यकीय शिक्षणाची जोड मिळाली आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. मात्र निकामी मूत्रपिंडाचे काम करू शकेल असे साधन त्या काळी जगात कोठेच नव्हते. हृदयाच्या विद्युत्स्पंदांचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढण्याचे व्यवहार्य यंत्र आइन्टहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हॉलंडमध्ये घडविले; रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करण्याची रीत, म्हणजे डायलिसिस, त्याच देशात विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये रुग्णांवर वापरली; आणि तेच उपचार वर्षानुवर्षे देणे १९६० मध्ये अमेरिकेतील स्क्रिबनर यांच्या नळीमुळे शक्य झाले. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडमध्ये १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिल्यावर या भागातील उच्च उपचारांचा पाया विस्तारला.

ईसीजीसारख्या नव्या साधनांनी नाडीविषयीच्या त्या जुन्या इशाऱ्याचे कारण उलगडून दाखविले. रक्तातील पोटॅशियम हा क्षार लिटरमागे साधारणतः ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट इतका असावा लागतो. मूत्रपिंडे तो बाहेर टाकू शकली नाहीत, तर हृदयातील विद्युत्प्रवाह बिघडतो, ईसीजीवरील एक लाट सुळक्यासारखी उंच व टोकदार होते आणि शेवटी ठोकाच थांबू शकतो. शिवाय साठलेले पाणी आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे हृदय जाड होते, त्याचे वरचे कप्पे ताणले जातात व ते ठेक्यावाचून थरथरू लागतात. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाल्यास ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो.

राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये सर्व जिल्ह्यांत पोहोचली, २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला आणि गरीब घरांनाही या उपचाराचे दार उघडले. तरीही यंत्र आठवड्यातून दोन-तीन वेळाच भेटते. मधले दिवस रुग्णाला घरी स्वयंपाकघराच्या आधाराने काढावे लागतात, आणि अन्नातून येणारे पोटॅशियम साठत गेल्याने दोन डायलिसिसमधील लांब खंड हृदयाला विशेष धोक्याचा ठरतो. तासगावच्या बाजारात ढिगांनी दिसणारा बेदाणा येथे उदाहरणादाखल घेण्याजोगा आहे : द्राक्ष वाळताना पाणी उडून जाते, पण क्षार तसाच राहतो, म्हणून १०० ग्रॅम बेदाण्यात सुमारे ७५० मिलिग्रॅम, म्हणजे तितक्याच ताज्या द्राक्षांच्या जवळजवळ चौपट पोटॅशियम असते. शहाळ्याचे पाणी आणि कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे काही प्रकारचे मीठ, या आरोग्यदायी समजल्या जाणाऱ्या गोष्टीही पोटॅशियममुळे अशा रुग्णाला घातक ठरू शकतात. उलटपक्षी, बटाट्यासारखी भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिले, तर क्षाराचा बराच भाग निघून जातो.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला छातीत धडधड, एकाएकी अशक्तपणा किंवा चक्कर जाणवली, तर ती थकव्यावर न ढकलता तत्काळ ईसीजी व पोटॅशियमची तपासणी करावी, आणि ठरलेला डायलिसिस कोणत्याही कारणाने चुकवू नये. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची जुनी सवय आजही घराघरांत जपावी. ती अडखळली, तर रुग्णाला त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे.